सूर्यावर भडका, कुलाब्यात नोंद

अलिबागला आपण किती वेळा गेलोय, मांडव्याची बोट, ओहोटी लागली की चालत किल्ला, मग मासे खाऊन परत. पण त्याच गावात चुंबकीय वेधशाळेचं एक आवार आहे जिथं सेल्फी काढायला कुणी जात नाही. आत दगडी इमारत, आणि तिच्यात लोखंडाचा साधा खिळासुद्धा चालत नाही. सूर्याने काय उपद्व्याप केले ते इथं १९०४ पासून टिपून ठेवतायत.

गोष्ट मात्र सुरू होते मुंबईच्या कुलाब्यात. (अलिबागच्या किल्ल्याचं नावही कुलाबाच, म्हणून घोळ होतो.) पावसाळ्यात बातम्यांत ‘कुलाब्याला इतके मिलिमीटर’ ऐकतो ना, ती वेधशाळा, १८२६ ची. १८४० च्या दशकापासून तिथं अजून एक काम चालायचं, चुंबक टांगलेला असायचा आणि तो किती सरकलाय ते ठरलेल्या वेळी बघून लिहायचं. सूर्य बिथरला की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं, आणि त्याबरोबर हा चुंबकही. आपोआप रेघ ओढणारं मशीन त्या वेळी तिथं नव्हतं. ड्युटीवरचा माणूस, त्याचे डोळे आणि वही, बस.

आता १ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमधल्या रेडहिलला रिचर्ड कॅरिंग्टन दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून डागांची चित्रं काढत बसलाय. सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी डागांच्या घोळक्यावर दोन ठिपके असे पेटले की त्याला आधी वाटलं पडद्याला भोकच पडलं आणि उजेड आत घुसतोय. कुणाला तरी दाखवावं म्हणून धावला, मिनिटाभरात परत आला, तोवर निम्मं विझलेलं. पाच मिनिटांत खेळ खल्लास.

त्या भडक्याबरोबर सूर्याने भारलेल्या कणांचा लोंढाही फेकला होता, साधारण साडेसतरा तासांनी ते वादळ पृथ्वीवर आदळलं. अमेरिकेत टेलिग्राफच्या तारवाल्यांनी बॅटऱ्या काढून टाकल्या तरी तारा चालूच! आणि कुलाब्यात २ सप्टेंबरला दुपार व्हायच्या आत चुंबकाचं रीडिंग धाडकन खाली आलं. एरवी दिवसभराचा चढउतार पन्नासेक नॅनोटेस्लाचा (चुंबकीय क्षेत्र मोजायचं हे एकक), त्या दिवशी घसरण १६०० ची. बाकी ठिकाणची कितीतरी यंत्रं स्केलच्या बाहेर गेली, इथल्या माणसाने मात्र आकडे लिहिणं सोडलं नाही. कोण होता ड्युटीवर? आपण नावं लक्षात ठेवतो ती साहेबांची, जाऊ दे. पण २००३ साली शास्त्रज्ञांनी या वादळाचा हिशोब परत मांडला तेव्हा कुलाब्याचीच नोंद कामाला आली.

पण सूर्य असा का भडकतो? सूर्य आपल्या पृथ्वीसारखा घट्ट गोळा नाही, त्याचा विषुववृत्ताकडचा भाग साधारण २५ दिवसांत फिरतो आणि ध्रुवांकडचा रेंगाळतो, पस्तीसेक दिवस घेतो, मग आतल्या चुंबकीय रेषा ओढल्या जातात, पीळ बसतो, आणि जिथं पीळ फार होतो तिथून त्या वर उसळतात, तोच डाग. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज एलरी हेलने डागाचा प्रकाश वर्णपटात फोडून बघितला तर एकेक रेघ दुभंगलेली, आणि प्रकाशाची रेघ अशी फुटते ती जोरदार चुंबकामुळे. मोठ्या डागात हे चुंबकीय क्षेत्र ३००० गॉसपर्यंत जातं (एक गॉस म्हणजे एक लाख नॅनोटेस्ला), आपल्या पायाखाली ते अर्ध्या गॉसच्या आसपास. खालून येणारी उष्णता ते अडवतं म्हणून तो भाग थंड, म्हणून काळा. थंड म्हणजे तरी काय, चारेक हजार अंश. पीळ तुटला की भडका.

बाकीचे तारेही हेच करतात. माउंट विल्सनवरच ऑलिन विल्सनने १९६६ पासून ताऱ्यांच्या प्रकाशातल्या कॅल्शियमच्या रेषा वर्षानुवर्षं मोजल्या, तर कितीतरी ताऱ्यांना आपल्या सूर्याच्या ११ वर्षांसारखंच चक्र निघालं. पुढे केप्लर दुर्बिणीला सूर्यासारख्याच ताऱ्यांवर कॅरिंग्टनच्या भडक्याहून दहापट, काही तर हजारपट मोठे स्फोट सापडले. त्या मानाने आपला सूर्य गरीब म्हणायचा.

आता अलिबाग कुठून आलं? मुंबईत विजेच्या ट्राम येणार ठरलं. ट्रामचा करंट जमिनीतून फिरणार आणि चुंबक बिचारा सूर्याचं सोडून ट्रामचं टाइमटेबल सांगणार. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी मग चुंबकीय कामच अलिबागला हलवलं. आपला काळा कातळ स्वतःच थोडा चुंबकीय, म्हणून पोरबंदरचा दगड आणला. आणि घाई नाही केली हं, १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोन रेकॉर्डचा सांधा नीट जुळला तेव्हाच कुलाब्याचं बंद केलं.

१० मे २०२४ च्या रात्री वादळ आलं तेव्हा लडाखच्या हानलेला आकाश लाल झालं, आपल्या मोबाइलवर फोटोंचा पूर आला. पण जगभरच्या नोंदींतून निघणारा या वादळाचा आकडा चारशे नॅनोटेस्लाच्या आसपासच. कुलाब्याचे १६०० एकाच जागचे आहेत, त्यामुळे तुलना अगदी काट्यावर नाही होत, तरी अंदाज येतो.

आणि ती ट्राम? १९६४ साली कायमची बंद झाली. आता खाली कफ परेडपर्यंत मेट्रो आलीय, त्यामुळे चुंबक काही परत बोटीत बसत नाही.