चाकणच्या मेसमधली वही

नमस्कार श्रोतेहो. आज चाकणविषयी. १६६० साली शाहिस्तेखानाला दमवणारा फिरंगोजी नरसाळ्यांचा संग्रामदुर्ग इथलाच, आणि कांद्याचा बाजारही इथलाच. मग मोटारींचे कारखाने आले. फोक्सवॅगनचा २००९मध्ये सुरू झाला. मागोमाग सुटे भाग बनवणारे किती आले, त्याला गणती नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे. मला सांगायचंय ते एका मेसवाल्या मावशींचं.

त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची लांबडी वही. पोराचं नाव, पुढे डब्यांच्या रेघा. पाहतो तर बहुतेक नावांवर सातव्या महिन्यात काट! म्हटलं, "मावशी, जेवण आवडत नाही का पोरांना?" त्या उसळल्याच. "माझ्या जेवणाला नाव ठेवू नका. ब्रेक दिलाय त्यांना!"

२४० दिवस. आकडा ध्यानात ठेवा, २४०. वर्षात तेवढे भरले की कामगाराचे हक्क उभे राहतात. म्हणून ते भरायच्या आत कंत्राटी पोराला घरी धाडायचं.

तर परभणीकडचा एक पोरगा असाच गेला, उधारी ठेवून. दोनेक महिन्यांनी दारात हजर. कंपनी तीच, मशीन तेच. ठेकेदार तेवढा नवा, अन् गळ्यातल्या कार्डाची पट्टी निळ्याची हिरवी झालेली. काखेत पिशवी, त्यात घरची तूरडाळ. उधारीपोटी! मावशींनी ती काट्यावर घातली, बाजारभाव लावला, वरचे साठ रुपये त्याच्या हातावर ठेवले. नाव मात्र नव्या पानावर लिहिलं. म्हणाल्या, "तुझ्या कंपनीचाच नियम बाबा. जुनी नोकरी धरायची नाही."

त्या डाळीचं वरण मीही जेवलो. हल्ली मेसच्या आमटीत गोडा मसाला कुणी घालतच नाही, सगळीकडे तेच पाकिटातलं तिखट. मावशी घालतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

असो. दहा बाय दहाच्या खोलीत चार पोरं, दोन दिवसपाळीची, दोन रातपाळीची. त्यांचं मत परभणीत, नाहीतर बिहारात. मग इथं पाण्यासाठी कोणत्या नगरसेवकाचं दार वाजवणार? पण भाडं, किराणा, वडापाव, रिक्षा, सगळं त्यांच्यावरच चाललंय. पुन्हा सांगतो, २४० दिवस न भरणाऱ्या पोरांवर.

गाड्यांची मागणी घटली की मावशींना आधी कळतं, रातपाळीचे डबे कमी होतात. मग त्या किराणा पंधरा दिवसांचाच भरतात. शेजारच्या घरमालकाने मात्र कर्ज काढून खोल्यांवर दुसरा मजला चढवायला घेतलाय.