तुझा कुराका कोण?

मंडळी, १६१३ साली पेरूतल्या लिमा शहरात मिगेल दे कोंत्रेरास नावाचा एक लेखनिक दप्तर घेऊन दारोदार हिंडत होता. तिथला स्पॅनिश व्हाइसरॉय मोंतेस्क्लारोस याचा हुकूम होता, की शहरात राहणाऱ्या मूळ रहिवाशांची शिरगणती करा. त्या काळी लिमात जेमतेम पंचवीस हजार माणसं. त्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि स्पॅनिश लोक सर्वांत जास्त, आणि हे मूळ रहिवासी सुमारे दोन हजार. पण त्या दोन हजारांची ही वही आपल्यापर्यंत आली, हे मी फार मोठं भाग्य समजतो.

कोंत्रेरासचे प्रश्न ठरलेले. नाव, वय, धंदा, बायकामुलं. गाव कोणतं? आणि तुझा कुराका कोण? कुराका म्हणजे गावचा वंशपरंपरागत प्रमुख. सरकारचा कर त्याच्यामार्फत गोळा व्हायचा, वेठीची माणसंही तोच पाठवायचा. म्हणजे या प्रश्नामागे सरळ वसुलीचा हिशेब होता. आपल्याकडे मिरासदार आणि उपरी असा फरक होता ना, तसाच तिथेही होता. गाव सोडून गेलेल्याला ते ‘फोरास्तेरो’ म्हणत. माणूस गावातून उठला की वेठीच्या यादीत एक नाव कमी, आणि त्याचा भार मागे राहिलेल्यांवर.

आणि उत्तरं काय मिळतात? कितीतरी जण सांगतात, मी लहानपणीच गाव सोडलं, कुराकाचं नाव मला ठाऊक नाही. काही जण मुद्दाम लपवत असतीलही. पण बहुतेकांचं खरं असावं असं मला वाटतं, कारण ही पोरं सात-आठ वर्षांची असताना कुणाच्या तरी घरी चाकरीला आणलेली असत. त्यांना आठवणार काय?

धंदा मात्र ती चोख सांगतात. सर्वांत जास्त शिंपी, मग चांभार आणि इतर कारागीर. हे हुन्नर ती शिकली करारावर. पोरगा उस्तादाकडे काही वर्षं राहणार. उस्तादानं त्याला जेवूखाऊ घालायचं, आजारात औषधपाणी करायचं, धंदा शिकवायचा आणि मुदत संपली की एक नवा पोशाख द्यायचा. ज्याला गावाचं नाव धड सांगता येत नव्हतं, तो कात्री धरायला शिकून शहरातला माणूस झाला.

बायकांचं जग बाजारात होतं. चौकातल्या बाजाराला ‘गातो’ म्हणत. शब्द मूळचा केचुआ या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला ‘कातू’. तिथे जमिनीवर माल मांडून बसणाऱ्या त्या ‘गातेरा’. त्यांची मृत्युपत्रं वाचली, तर आधी कपडे येतात: खांद्यावर घ्यायची ‘लिक्ल्या’, अंगाभोवती गुंडाळायचं ‘अनाको’. कापड कुठलं, जुनं की नवं, सगळं नोंदलेलं. बाईची मिळकत तिच्या अंगावर असायची.

सरकारला ही माणसं शहरभर पसरलेली नको होती. १५७१ मध्ये लिमाच्या पूर्वेला त्यांच्यासाठी सेर्कादो नावाची वस्ती वसवली होती, भोवती भिंत, दारं रात्री बंद. पुढे १५९० च्या सुमारास रिमाक नदीपलीकडच्या सान लासारोमधल्या कोळंबी पकडणाऱ्यांना बळजबरीनं तिथे हलवलं. नदीवर पोट असलेली माणसं भिंतीआड नेऊन ठेवली! मला हे फार लागतं.

शेवटी या वहीतली एक नोंद, जी आपल्या फार जवळ येते. यात शंभराहून अधिक आशियाई माणसंही मोजली आहेत: चीनकडची, वीस जपानी, आणि ‘पोर्तुगालच्या हिंदुस्थाना’तली. त्या मुलुखाची राजधानी तेव्हा गोवा. मनिलाहून जहाजानं मेक्सिकोला आणि तिथून पेरूत उतरलेली ही माणसंही कायद्याच्या लेखी ‘इंडियो’च, म्हणजे मूळ रहिवाशांच्याच वर्गातली. यांतले काही जण गळ्याभोवतीच्या चुणीदार झालरींच्या घड्या उघडून, ताठ बसवून देण्याचं काम करायचे. स्पॅनिश साहेबांना त्या झालरीशिवाय बाहेर पडता येत नसे. दोन महासागर ओलांडून आलेल्या त्या माणसांना कुराका कुठून असणार?