पारवं घुमतंय बुरजावरी: हादग्याच्या पहिल्या गाण्याचा माग

ऐलमा पैलमा गणेश देवा... एवढं म्हटलं की पुढची ओळ आपोआप तोंडात येते, आणि भांडणं पण तिथंच सुरू होतात. एक म्हणते ‘माझा खेळ मांडू दे, करीन तुझी सेवा’, दुसरी म्हणते ‘माझा खेळ मांडीयेला’, आणि दोघी आपापल्या जागी ठाम, कारण दोघींना ते आईनं किंवा आजीनं शिकवलेलं असतंय. आज आपण या एकाच गाण्याच्या मागं जाणार आहोत. कुठनं आलं, कुणी लिहून ठेवलं, रेकॉर्डिंगमध्ये त्याचं काय झालं, आणि आपल्या कोल्हापुरात ते नेमकं कसं म्हणतात.

सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्त नक्षत्रात जातो, तेव्हा पाटावर हत्ती काढायचा नाहीतर हत्तीचं चित्र भिंतीला लावायचं, त्याला फुलांच्या, फळांच्या माळा घालायच्या आणि मुलीबाळींनी फेर धरायचा. पुण्यात याला भोंडला म्हणतात, विदर्भ-खानदेशात याचीच बहीण भुलाबाई, आणि आपल्याकडं कोल्हापूर, सांगली, सातारा पट्ट्यात हादगा. जुनी रीत अशी की पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. आणि पहिलं गाणं कायम हेच. म्हणजे बघा, सोळाही दिवस ज्या गाण्यानं सुरुवात होते ते सगळ्यात पक्कं पाठ असायला पाहिजे, एक अक्षर इकडचं तिकडं व्हायला नको, पण प्रत्यक्षात सगळ्यात जास्त पाठभेद याच गाण्यात सापडतात, आणि मला वाटतं ते म्हणूनच सापडतात. जे रोज तोंडात असतं ते वहीत बघून कोण म्हणतंय?

आता या दोन ओळी ऐका. ‘माझा खेळ मांडिला वेशीच्या दारी, पारवं घुमतंय बुरजावरी.’ वेस आणि बुरूज. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. गंगावेशीत आपण रोज जातो, वेस गेली पण नाव राहिलं. बिंदू चौकात जुन्या तटाचा बुरूज अजून उभा आहे आणि त्याच्यावर पारवी खरोखरच घुमतात, सकाळी ट्रॅफिक सुरू व्हायच्या आधी जाऊन ऐका. पण म्हणून हे गाणं कोल्हापूरचं, असं म्हणायची घाई नको, कारण वेशी आणि बुरूज महाराष्ट्रभर होते. काही जणी तर ‘पारवं घुमतंय पारावरी’ म्हणतात, आणि मला त्यात चूक काहीच दिसत नाही. ज्या गावाला तट नव्हता त्या गावाला पार होताच की.

याच गाण्यात पुढं कुठं कुठं एक ओळ येते, ‘गोदावरी काठच्या उमाजी नायका’. इथं मात्र जरा थांबूया. पंचगंगेच्या काठावर बसून बायका गोदावरीचं नाव घेतात! आपली नदी घालावी असं कुणाला वाटलं नाही, आलं तसं म्हटलं. लोकगीत हे असंच फिरतं, मुलगी सासरी जाताना गाणं घेऊन जाते, मग तिची मुलगी आणखी तिसऱ्या गावाला नेते, आणि दोन-तीन पिढ्यांत नाशिक-पैठणकडची नदी करवीरच्या अंगणात येते. उमाजी नायकाचं नाव ऐकून बरेच जण लगेच १८३२ साली पुण्यात फाशी गेलेल्या राजे उमाजी नाईकांशी नातं जोडतात आणि गाण्याचं वय तिथनं मोजतात. मला हे पटत नाही. उमाजी नाईकांचा मुलूख पुरंदरचा, कऱ्हा-नीरेच्या भागातला, गोदावरीचा त्यात संबंध कुठला? शिवाय जवळच दुसरी ओळ आहे ‘आमच्या गावच्या भुलोजी नायका’, आणि भुलोजी म्हणजे भुलाबाईचा जोडीदार, शंकर. मग शेजारचा उमाजी पण त्याच शिव-पार्वतीच्या खेळातला असणार, असं मला जास्त वाटतं. आणि पुढंमागं कधीतरी उमाजी नाईकांची आठवण त्या नावाला चिकटली असेल तर तीही खोटी नाही, ऐकणाऱ्यानं तसं ऐकलं.

माझ्या जिवाचा भाग खरं तर याच्या पुढं आहे. हे रेकॉर्डिंग शिवाजी पेठेतल्या एका आजींचं आहे, माहेर आजऱ्याकडचं. डोळे मिटून म्हणतायत, हात मांडीवर ठेका धरतोय. ‘माळी गेला शेताभाता, पाऊस पडला येताजाता, पड पड पावसा थेंबोथेंबी, थेंबोथेंबी आळव्या लोंबी...’ आजरा म्हणजे घनसाळ भाताचा मुलूख. हस्ताच्या दिवसांत भात पोटरीतनं बाहेर येऊन लोंबी धरत असतं, आणि हत्तीचा पाऊस म्हणजे गडगडाट करत धो धो कोसळणारा, तो तसा आला तर उभं पीक आडवं. म्हणून तर पावसाला थेंबोथेंबी पड म्हणायचं. पुण्यामुंबईच्या हॉलमध्ये हे नुसतं छान यमक वाटत असेल, पण या आजी त्या ओळीला आवाज खाली घेतात, विनवल्यासारखा, आणि तो उतार कुठल्याच छापील पुस्तकात येणार नाही. पुढं पुस्तकात ‘भोंडल्या तुझी सोळा वर्षे’ असतं, या म्हणतात ‘हादग्या तुझी सोळा वर्सं’.

लिहून ठेवण्याचं मोठं काम केलं ते सरोजिनी बाबरांनी. त्या सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या, म्हणजे आपल्या शेजारच्याच. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातनं त्यांनी ओव्या, उखाणे, सणांची गाणी, जात्यावरचं आणि पाळण्यावरचं सगळं पुस्तकांत आणलं, आणि नंतर शांता शेळक्यांच्या बरोबर दूरदर्शनवर ‘रानजाई’ केलं. त्या दोघी समोरासमोर बसून एकमेकींना ओळी आठवून देतायत, हे ज्यांनी टीव्हीवर बघितलंय ते अजून विसरलेले नाहीत.

मग रेडिओ. सांगली आकाशवाणी १९६३ साली सुरू झाली आणि आपल्या भागातल्या बायकांना आपल्याच बोलीतली गाणी रेडिओवर ऐकू यायला लागली. पण रेडिओला वेळेचं बंधन असतंय, कॅसेटला तर जास्तच, तिथं कीबोर्ड आला, ढोलकी आली, एक चाल ठरली, आणि फेर धरताना पाय जसे हळू-जलद होतात तसा गाण्याचा वेग बदलायचा ते सगळं गेलं. काही रेकॉर्डिंगमध्ये तर पावसाच्या आधीच गाणं संपतं, ‘सोळा वर्सं’च्या पुढच्या ‘अतुल्या मतुल्या’ या ओळीपर्यंत जातच नाही. आता यूट्यूबवर लिरिक्ससकट जे मिळतं तेच बरोबर असं पोरी समजायला लागल्यात आणि घरातल्या आजीला सांगतात, आजी तू चुकतेयस. हे ऐकलं की फार वाईट वाटतं हो. आजी चुकत नाहीय, आजीचं माहेर वेगळं आहे.

जात्यावरच्या ओव्यांचं नशीब बरं, गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, आणि ‘पारी’च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या) वेबसाइटवर त्या ओवी गाणारीच्या नावासकट, गावासकट वाचायला मिळतात. हादग्याच्या गाण्यांना हेच पाहिजे. नुसती गाणी भरपूर मिळतात, गाणारीचं नाव आणि गाव मिळत नाही, आणि ते नसलं की गोदावरी इथं कुणी आणली याचा पत्ता कसा लागणार?

तर या नवरात्रात घरात किंवा गल्लीत कुणी हादगा म्हणत असेल तर मोबाईल काढा. आधी नाव आणि माहेर विचारा, गाणं कुणाकडनं शिकलात ते विचारा, मग म्हणू द्या. मध्ये अडकल्या तर लगेच ओळ सांगू नका, शेजारची बाई आठवून देते आणि कधी कधी तीच ओळ वेगळी निघते. कागल, गारगोटी, मलकापूर भागातलं पूर्ण गाणं आम्हाला अजून मिळालेलं नाही. कुणाकडं असेल तर पाठवा, मागं पंख्याचा आवाज असला तरी चालेल, कुकरची शिट्टी असली तरी चालेल, फक्त ‘अतुल्या मतुल्या’च्या पुढचं शेवटपर्यंत असू द्या.