माडाच्या गुळाची ओट्स कुकी: साखर काढली की कुकीत काय काय बदलतं

(ओट्यासमोर उभी. पुढ्यात गुळाची काळी ढेप, किसणी, ओट्सची बरणी.)

हे बघा, ही ढेप. काळीभोर, वर निमुळती होत गेलेली. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून आणली. गोव्याबाहेरच्या पाहुण्यांना दाखवली की विचारतात, ही चिंच का? हा माडाचा गूळ. कोकणीत आम्ही ‘माडाचें गोड’ म्हणतो. आज याच्या ओट्स कुकीज करायच्या आहेत, नाताळासाठी, पांढऱ्या साखरेचा एक दाणाही न घालता.

कृती सांगणार आहे, पूर्ण वजनमापांसकट. पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण ती कळली नाही तर कृती हातात असूनही घाणा बिघडतो. बहुतेक ठिकाणी सांगतात, साखरेऐवजी तेवढाच गूळ घाला, बाकी सगळं तसंच. तीन वर्षांपूर्वी मी अगदी तेच केलं. 180 अंशांवर ट्रे लावला. बाराव्या मिनिटाला बुडं काळी झाली, मध्ये पीठ कच्चं राहिलं, आणि जिथे गुळाचा खडा फुटला नव्हता तिथे जळका कडू ठिपका. वीस माणसांसाठी केलेला घाणा होता. मला फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून मी हा विषय धरून बसले आहे.

झालं काय होतं? कुकीमध्ये साखर फक्त गोड करत नाही, ती तिथे राबत असते. लोणी आणि साखर फेटतो तेव्हा साखरेचे टोकदार दाणे लोण्यात घुसतात आणि हवेचे बारीक कप्पे करतात. कुकी हलकी होते ती तिथे. मग ओव्हनमध्ये साखर वितळते, पीठ सैल होतं, गोळा पसरून चपटा होतो. आणि बाहेर काढल्यावर थंड होताना ती पुन्हा घट्ट होते, म्हणून कड कुरकुरीत लागते. फुगणं, पसरणं, कुरकुरीतपणा, तिन्हीत साखरेचा हात आहे.

आता तिच्या जागी गूळ आला. किसलेला गूळ मऊ आणि चिकट, त्याला टोकदार दाणा नाही. लोण्यात तो मिसळतो, पण हवा धरत नाही. दुसरं, पांढरी साखर म्हणजे जवळजवळ निव्वळ सुक्रोज. गुळात सुक्रोजबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, आणि ते ओलावा धरून ठेवतं. म्हणून गुळाची कुकी खुटखुटीत होण्यापेक्षा चिवट-मऊ होते. तिसरं, रंग. सुक्रोज 160 अंशांच्या आसपास रंग बदलू लागतं, फ्रुक्टोज मात्र 110लाच. त्यात गूळ मुळातच आटवलेला, काळा. म्हणजे तुमची कुकी आत शिजायच्या आधी बाहेरून करपायला तयार असते.

एवढं लक्षात घेतलं की उपाय आपोआप सुचतात. हवा सोड्याकडून आणायची. ओलावा ओट्सना पिऊ द्यायचा. आणि ओव्हन खाली आणायचा, 165 अंशांवर.

(ढेप हातात घेऊन)

गुळाबद्दल थोडं बोलते, कारण चवीचा सगळा खेळ इथे आहे. रेंदेर माडावर चढतो, पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, बांधून तासतो आणि तिच्यातून ठिबकणारा रस गोळा करतो. तो रस तसाच ठेवला तर काही तासांत आंबतो, त्याची सूर, म्हणजे माडी, होते. सान्नां, म्हणजे आमच्या इडलीसारख्या, त्या सुरेवर फुगतात, पूर्वी पदेरही, म्हणजे पाववालेही, पावाचं पीठ सुरेनेच फुगवायचे, आणि पुढे तिचाच व्हिनेगर होतो. पण रस आंबायच्या आत चुलीवर चढवला, आटवत राहिलं, तर हा गूळ मिळतो. एकाच झाडाचा एकच रस, फरक फक्त वेळेचा. माडावर चढणारी माणसं आता कमी झाली आहेत, त्यामुळे हा गूळ उसाच्या गुळापेक्षा महाग पडतो. तो भाव करताना मला घासाघीस करवत नाही. कुणीतरी रोज त्या उंचीवर चढलेलं असतं.

चव सांगायची तर धुरकट, थोडी कॉफीच्या बाजूला जाणारी, आणि मागे अगदी हलका खारटपणा. दोदोल खाल्लं असेल तर जिभेला ओळख पटेल. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि हा काळा गूळ, दोदोलला पांढरी साखर कधी लागलीच नाही. पातोळ्यांचंही तेच. हळदीच्या पानातलं ते चून, म्हणजे सारण, आमच्याकडे नागपंचमीला आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे 15 ऑगस्टच्या सायबिणीच्या, म्हणजे मदर मेरीच्या, फेस्ताला, दोन्हीकडे नारळ-गुळाचंच. म्हणजे साखरेशिवाय सणाचं गोड करणं हे आपल्याला बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही. ओट्स तेवढे परके. ते थंड, ओलसर हवेचं धान्य, स्कॉटलंडसारख्या ठिकाणी पिढ्यान्पिढ्या खाल्लेलं. पण या गुळाशी त्यांचं छान जमतं, कारण भाजलेल्या ओट्सना स्वतःची एक खमंग चव असते.

बाजारातली ब्राऊन शुगर वापरू का, असं बरेच जण विचारतात. आज नको. बहुतेक ब्राऊन शुगर म्हणजे पांढऱ्या साखरेलाच परत मळी चोळलेली असते. खजुराचा लगदा चालतो, पिकलं केळं चालतं, पण त्यांच्यात पाणी फार, कुकीचा केक होतो. चांगला लागतो, पण तो वेगळा पदार्थ.

चला, वजनं लिहून घ्या. साधारण 20 कुकीज होतात. जाड ओट्स, म्हणजे रोल्ड ओट्स, 150 ग्रॅम. दोन मिनिटांत शिजणारे झटपट ओट्स घेऊ नका, त्यांचा लगदा होतो. गव्हाचं पीठ 100 ग्रॅम. बिनमिठाचं लोणी 100 ग्रॅम. माडाचा गूळ 120 ग्रॅम. एक अंडं. एक छोटा चमचा दही, अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ. काजू 50 ग्रॅम, बेदाणे 40 ग्रॅम. आणि जायफळ, पाव छोटा चमचा, आत्ता किसलेलं. आमच्या फोंडा तालुक्यात कुळागरांतून पोफळीच्या सावलीला जायफळाची झाडं असतात. इथलं ताजं जायफळ आणि पाकिटातली पूड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिळत असेल तर अख्खंच घ्या.

पहिलं काम, ओट्स भाजणं. कोरड्या कढईत मंद आचेवर सहा-सात मिनिटं. शेंगदाणे भाजताना येतो तसा वास येऊ लागला की थांबा. ही पायरी गाळू नका. ओव्हनमध्ये ते पिठाच्या आत अडकलेले असतात, तिथे नीट भाजले जात नाहीत. भाजून गार झाले की त्यातले तिसरा हिस्सा, म्हणजे 50 ग्रॅम, मिक्सरमध्ये रवाळ फिरवा. ही भरड सगळं बांधून ठेवते.

(पातेलं दाखवत)

दुसरं काम, गूळ. किसा, दोन मोठे चमचे पाणी घाला, मंद आचेवर नुसता विरघळवा. उकळी नको, पाक करायचा नाही. आणि गाळा. बघा गाळणीत काय राहिलं, काड्या आणि थोडी रेव. हाताने केलेल्या गुळात हे असतंच, पण कुकीत दाताखाली आलं की खाणाऱ्याचं तोंड कडवटतं. गाळलेला गूळ कोमट होऊ द्या. गरम ओतलात तर लोणी वितळेल आणि कुकी पसरून पापड होईल.

आता मऊ लोणी लाकडी चमच्याने घोटा, त्यात गूळ, मग अंडं, मग दही. दही कशाला? सोड्याला काम करायला आंबट लागतं. गुळात थोडं असतं, पण प्रत्येक ढेप सारखी नसते. तेवढ्या दह्याने सगळा सोडा वापरला जात नाही, पण थोडी मदत होते. मग पीठ, सोडा, मीठ, जायफळ, सगळे ओट्स, काजूचे तुकडे, बेदाणे. हलक्या हाताने एकत्र करा, मळू नका.

पीठ तुम्हाला सैल वाटेल. वाटू दे. वरून पीठ घालायचा मोह आवरा, आणि भांडं झाकून 40 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. तेवढ्यात ओट्स पाणी पितात, लोणी घट्ट होतं. मी दोन ट्रे शेजारी शेजारी करून पाहिले आहेत, एक लगेच भाजलेला आणि एक विसाव्यानंतरचा. लगेच भाजलेल्या कुकीज एकमेकींना चिकटल्या, दुसऱ्या नीट गोल राहिल्या. पीठ तेच, ओव्हन तोच.

मग लिंबाएवढे गोळे करा, थोडे चपटे दाबा, मध्ये दोन बोटं जागा सोडा. 165 अंशांवर 14 ते 16 मिनिटं. रंगावरून ओळखू नका, ही कुकी सुरुवातीपासूनच तपकिरी आहे. कडेला बोट लावा. कड घट्ट आणि मध्य मऊ असेल तर काढा. मध्यही घट्ट व्हायची वाट पाहिलीत तर गार झाल्यावर दात लागणार नाही. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, तोवर हात लावू नका, मोडतात.

चवथीला करायच्या असतील तर अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला, आणि लोण्याच्या जागी घरचं तूप, पण 85 ग्रॅमच. लोण्यात पाणी असतं, तुपात नसतं, म्हणून वजन कमी. चवथीच्या पावसात मात्र या कुकीज तासाभरात सादळतात. गार झाल्या झाल्या घट्ट झाकणाच्या डब्यात घाला, आणि मऊ पडल्याच तर 150 अंशांवर चार-पाच मिनिटं परत गरम करा, कड सावरते.

(खुर्चीवर बसून, कॅमेऱ्याजवळ)

आता जे सांगते ते कृतीपेक्षा महत्त्वाचं आहे. माझ्या बाबांना मधुमेह आहे. पहिल्यांदा या कुकीज चांगल्या जमल्या तेव्हा आनंदाच्या भरात मी घरात म्हणाले, “बिनसाखरेच्या आहेत, खा.” बाबांनी विश्वासाने चार खाल्ल्या. संध्याकाळी यंत्रावर आकडा बघून माझे हातपाय गार पडले. चूक त्यांची नव्हती, माझ्या शब्दांची होती.

गूळ साखरच आहे. माडाचा असो की उसाचा. त्यात थोडी खनिजं आहेत, पण एका कुकीत सहा ग्रॅम गूळ जातो, तेवढ्यातून मिळणारी खनिजं नगण्य. उष्मांक जवळजवळ साखरेइतकेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं, की बाहेरून घातलेली साखर दिवसभराच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत असावी आणि जमलं तर 5 टक्क्यांच्या. 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाला 5 टक्के म्हणजे सुमारे 25 ग्रॅम. बाबांच्या चार कुकीजमध्ये गूळच 24 ग्रॅम होता, बेदाणे वेगळे.

आणि ओट्सचं? ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, त्याने कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 साली ओट्सने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असा दावा पाकिटावर छापायला परवानगी दिली, पण त्यासाठी दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं. ओट्समध्ये ते साधारण 4 टक्के, म्हणजे 75 ग्रॅम ओट्स. आपल्या एका कुकीत ओट्स साडेसात ग्रॅम. हिशेब तुम्हीच करा, दहा कुकीज खाव्या लागतील. तेव्हा ओट्सची पेज सकाळी खा. कुकी सणाला खा, आवडते म्हणून खा, आणि एक खा.

मग पांढरी साखर काढायचा आटापिटा कशाला? चवीसाठी. साखर नुसती गोड असते. या गुळात धूर आहे, माड आहे, खारा वारा आहे. आणि चव एवढी भरलेली असते की कमी गोडात भागतं. इतक्या पिठाला साखर असती तर मी 150 ग्रॅमच्या खाली गेले नसते. इथे 120त मन भरतं.

(ताट पुढे ओढून)

हे ताट आता शेजारी आंटीकडे जाणार. चवथीला आमच्याकडून नेवऱ्या जातात, नाताळाला तिच्याकडून दोदोल आणि कुलकुलांचं ताट येतं, मी लहान असल्यापासून. तिच्या घरी म्हातारे सासरे आहेत, त्यांना आम्ही पात्रांव म्हणतो, त्यांनाही बाबांसारखंच पथ्य आहे. म्हणून ताटावर ही चिठ्ठी लावते आहे. वाचून दाखवते: “यात माडाचं गोड आहे, अंडं आणि काजू आहेत. पात्रांवला एकच द्यावी, जेवणानंतर.” चला, गरम आहेत तोवर देऊन येते.