एकच रेघ

(दृश्य : कर्नाटकातला चिकोडी तालुका. पहाट. उसाच्या फडाकडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, चुलींचा धूर.)

सातवा महिना लागलाय. तरी ती अंधारापासून मोळ्या बांधतेय. गाव बीड जिल्ह्यात. हंगामभर मुक्काम इथे. निर्वासिताला निदान वसाहतीचा पत्ता तरी मिळतो. शेजारच्या उत्तर कन्नडमध्ये, मुंडगोडच्या तिबेट्यांना तो १९६६ पासून आहे. कोपीला कसला पत्ता?

(दृश्य : फडाच्या बांधावर सिस्टर तिचं बोट धरतात.)

सुई टोचायला बोट सापडत नाही. एक पाल्यानं चिरलेलं, दुसऱ्याला घट्टे. शेवटी करंगळीशेजारचं चालतं. थेंब पट्टीवर पडला की वीसेक मिनिटांत एचआयव्ही आणि सिफिलिस, म्हणजे गरमी, दोन्ही कळतात. दिवस गेल्याची खूण दोन रेघांची. या पट्टीवर मात्र एकच उमटलेली बरी.

दुसरी उमटली तरी औषध आहे. उपचाराविना आईकडून बाळाला एचआयव्ही जाण्याचा धोका १५ ते ४५ टक्के, गोळ्या नीट चालू असतील तर ५ टक्क्यांच्या आत. गरमीला पेनिसिलिन. पण दुखणं किती जुनं ते कळेना, तर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. तिसऱ्या आठवड्यात टोळी कुठल्या फडात असेल, ते मुकादमालाच ठाऊक. नवऱ्यालाही तपासायला हवं. त्याला खाडा करू देणार कोण?

(दृश्य : निपाणी. गल्लीतून जाणारी आशाताई.)

इथल्या सुनेची तपासणी तिसऱ्या महिन्यातच उरकते, आशाताई गल्लीतलीच असते ना. मात्र पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर सीमेपलीकडे महाराष्ट्रात, कागलला नाहीतर गडहिंग्लजला. हातात गरोदरपणाच्या नोंदींचं, कन्नडमधलं तायी कार्ड. (कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, मराठी कानाला ती ताईच वाटते.) पलीकडे ते वाचणारं कुणी नसलं, की पुन्हा बोट टोचा. टोचण्याचं एवढं काही नाही. चालू गोळ्या मधेच सुटल्या तर पंचाईत.

(दृश्य : पुन्हा बांध. पट्टीवर एकच रेघ.)

ब प्रकारच्या काविळीसाठी रक्ताची नळी तालुक्याला जायचीय. तिची लस जन्मल्यापासून २४ तासांत प्रत्येकच बाळाला द्यायची असते, पण आईला कावीळ निघाली तर ती चुकवून चालणारच नाही. म्हणून सिस्टर मोबाइल नंबर मागतात. ती मुकादमाचा सांगते. पेन थांबतं.

"तुझा रिपोर्ट त्याला सांगू व्हय? घरचा नंबर न्हाई?"

"मालकाचा हाय. रिचार्ज संपलंय."

सिस्टर नवऱ्याचा तोच नंबर लिहून घेतात.