रूट तीन कुठून आला?

नमस्कार श्रोतेहो.

भोसरीच्या एमआयडीसीत संध्याकाळी जनरल शिफ्ट सुटली की काही जण घरी न जाता तडक कॉलेज गाठतात. पाठीवरच्या सॅकमध्ये रिकामा डबा, टेस्टर आणि जर्नल. चार वर्षं मी त्यांच्यातला एक होतो. आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन, दिवसा कारखान्यात मेंटेनन्सला आणि संध्याकाळी इलेक्ट्रिकलचा अर्धवेळ डिप्लोमा.

मोटार आधी ‘स्टार’ आणि मग ‘डेल्टा’ जोडणीत घेणारे स्टार-डेल्टा स्टार्टर तोवर मी शेकड्यानं जोडले होते. तीन कॉन्टॅक्टर, टायमर, ओव्हरलोड रिले. वायरिंग हाताला पाठ. मोटार आधी स्टारमध्ये का घ्यायची, असं कुणी विचारलं तर ‘करंट कमी लागतो’ एवढंच सांगता यायचं. एका संध्याकाळी सरांनी ते फळ्यावर मांडून दाखवलं. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ४१५ भागिले रूट तीन, म्हणजे साधारण २४० व्होल्ट मिळतात. मोटार थेट चालू केली तर ती फुल लोडच्या पाच-सातपट करंट ओढते. स्टारमध्ये त्याचा तिसरा हिस्सा. मग सर म्हणाले, “टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकदसुद्धा तिसराच हिस्सा उरते बरं का.”

मला एकदम आमचा कॉम्प्रेसर आठवला. पंधरा दिवस तो छळत होता. स्टारमध्ये नुसता घुमायचा, वेग घ्यायचा नाही, डेल्टाला गेला की धाडकन ट्रिप. आम्ही कॉन्टॅक्टर बदलले, टायमरची वेळ वाढवली, साहेबांची बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी पॅनेलला हातच लावला नाही. मोटार सुरू होताना तिच्यावरचा हवेचा दाब सोडून देणारा अनलोडर व्हॉल्व्ह खोलला. तो अडकला होता. टाकीतल्या दाबाविरुद्ध मोटार उठायला बघत होती, आणि अंगात ताकद तिसरा हिस्सा! त्या दिवशी फी वसूल झाली, असं मला आजही वाटतं.

गणित मात्र जड जातं, हे आधीच सांगतो. तिशीतल्या माणसासमोर वजा एकाचं वर्गमूळ येतं, आणि ‘आय’ हे अक्षर करंटसाठी आधीच घेतलेलं म्हणून त्याला ‘जे’ म्हणायचं. मला पहिल्याच वर्षी केटी लागली, म्हणजे विषय मागे राहिला. तेव्हा प्रवेशाआधी दोन महिने दहावीची त्रिकोणमिती घासून घ्या. ब्रेकडाऊनच्या रात्रीनंतर वर्गात डोळे मिटतात, त्याला इलाज नाही. शिफ्टचं मात्र साहेबांशी आधीच बोलून ठेवा.

इलेक्ट्रॉनिक्स आपल्या कामाचं नाही, असं समजू नका. आज मोठमोठ्या मोटारींच्या शेजारी ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र येतंय. त्यात ४१५ व्होल्ट एसीचे जवळजवळ ५८७ व्होल्ट डीसी होतात आणि कपॅसिटरमध्ये साठतात. मेन स्विच बंद केला तरी ते काही मिनिटं तिथेच असतात. टेस्टर लावून ‘सप्लाय गेला’ म्हणणाऱ्या माझ्या जुन्या सवयीनं एखाद दिवशी जीव घेतला असता. आता मी पाच-दहा मिनिटं थांबतो, मल्टीमीटर डीसीवर घेऊन डीसी बसवर, म्हणजे त्या कपॅसिटरवर, किती व्होल्ट उरलेत ते मोजतो, मगच हात घालतो. हे मला लॅबमध्ये शिकवलं.

तर श्रोतेहो, वर्गात बसाल तेव्हा कारखान्यातला अडलेला प्रश्न घेऊन बसा. संकोच करू नका. आमच्या वर्गातले सर्वांत चांगले तास अशाच प्रश्नांवर झाले, आणि कित्येकदा सरच वही काढून आमच्याकडून लिहून घ्यायचे.

नमस्कार.