खूणफीत, याबेस आणि दररोजचे तीन अध्याय

निमंत्रणपत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय ‘पवित्र शास्त्राचे दैनंदिन वाचन, मनन आणि प्रार्थना’ असा छापलेला आहे. पवित्र शास्त्र म्हणजे बायबल. या तिन्हींपैकी वाचनाचाच तेवढा हिशेब ठेवला जातो ही माझी जुनी तक्रार असून, ती ऐकवल्याशिवाय मी पुढे सरकणार नाही. संयोजकांनी घड्याळ नेमके माझ्यासमोरच्या भिंतीवर लावले आहे. मला ओळखणाऱ्या कोणीतरी त्यांना सल्ला दिलेला दिसतो.

हिशेब आपल्याला पाठ आहे. पुस्तके ६६, अध्याय १,१८९. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षाच्या आत शेवटचे पुस्तक, प्रकटीकरण, संपते. (ज्यांच्या शास्त्रात ७३ पुस्तके आहेत त्या कॅथलिकांनी थोडे लवकर उठावे.) जानेवारीत उत्साह असतो. पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, गोष्टीमागून गोष्ट येते, आणि भावांनी योसेफाला खड्ड्यात टाकले की त्याचे पुढे काय झाले या काळजीने माणूस चौथा अध्यायही वाचून टाकतो. मग दुसऱ्या पुस्तकात, निर्गमात, निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, पडद्यांची लांबी-रुंदी सुरू होते, महिना सरता सरता नियमांनी भरलेले लेवीय उघडते, आणि पुष्कळांचे पवित्र शास्त्र पुढच्या जानेवारीपर्यंत तेथेच मुक्काम करते. हात वर करा असे मी म्हणत नाही. चेहऱ्यांवरून कळते आहे.

मी मात्र थांबणाऱ्यांपैकी नव्हतो, आणि माझे दुखणे तेच होते. माझ्याकडे ३६५ चौकोनांचा तक्ता होता आणि वाचन संपताच त्या दिवसाच्या चौकोनात बरोबरची खूण करण्यात मला जे समाधान लाभे, ते वाचनात क्वचितच लाभत असे. अशाच एका वर्षी एप्रिलच्या मध्यावर मी ‘पहिला इतिहास’ या पुस्तकात पोहोचलो. त्या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय म्हणजे जवळजवळ सगळी वंशावळ. आदाम, शेथ, अनोश अशी सुरुवात होते आणि श्वास घ्यायला जागा सापडत नाही. एका सकाळी मी चौथा, पाचवा आणि सहावा अध्याय वाचला, खूण केली, नेहमीची प्रार्थना नेहमीच्या शब्दांत आटोपली आणि कामाला लागलो. दुपारी माझ्या धाकट्या मुलीने पुस्तकातली खूणफीत ओढून पाहिली, ती निसटली, आणि बोलणी बसू नयेत म्हणून तिने ती अंदाजाने परत सरकवून ठेवली. दुसऱ्या सकाळी फीत होती तेथे मी पुस्तक उघडले, चौथा, पाचवा आणि सहावा अध्याय वाचला, खूण केली, नेहमीची प्रार्थना नेहमीच्या शब्दांत आटोपली आणि कामाला लागलो.

आपण हसलात, पण तिसऱ्या दिवसापर्यंत मी हसलो नव्हतो, कारण मला काही कळलेच नव्हते. त्या दिवशी पुस्तकात सातवा अध्याय समोर होता आणि तक्ता दहावा मागत होता. प्रथम मी तक्ता छापणाऱ्याला दोष दिला. मग मुलीने कबुली दिली आणि अगदी सरळपणे विचारले, “बाबा, मग काल वाचताना तुम्हाला कळलं नाही?” नावे सगळी सारखीच असतात, असे मी तिला सांगितले.

हे उत्तर वेळ मारून नेण्यापुरते चांगले होते, पण खरे नव्हते. स्वतःला शिक्षा म्हणून मी तेच अध्याय तिसऱ्यांदा वाचले, आणि नजर पळू नये म्हणून मोठ्याने वाचले. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा असे म्हणत जीभ थकत आली आणि चौथ्या अध्यायाच्या नवव्या वचनाशी ती अडखळली. तेथे अचानक एक आई बोलते. बाळंतपणात फार वेदना झाल्या म्हणून ती मुलाचे नाव याबेस ठेवते. मूळ भाषेत त्या नावात वेदनेचा शब्द उलटासुलटा होऊन घुमतो. पुढच्या वचनात तो याबेस देवाचा धावा करतो, आशीर्वाद मागतो, आपली सीमा वाढावी म्हणतो, देवाचा हात सोबत असावा आणि अरिष्टाने आपल्याला दुःख होऊ नये अशी विनवणी करतो, आणि देव ती मान्य करतो. लगेच पुन्हा वंशावळ सुरू. नावांच्या एवढ्या गर्दीत कोणीतरी प्रार्थना करीत उभा होता आणि मी दोनदा, स्वतःची प्रार्थना उरकण्याच्या घाईत, त्याच्या अंगावरून पुढे गेलो होतो. (या प्रार्थनेचा जप केला की भरभराट होते असे सांगत फिरणारे आहेत. त्यांनी निदान थांबून वाचले, एवढे श्रेय मी त्यांना देतो. त्याहून जास्त नाही.)

तेव्हापासून माझे म्हणणे असे आहे की मननाची सुरुवात तोंडाने होते. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाला धन्य म्हटले आहे, आणि तेथे इब्री (हिब्रू) शब्द आहे ‘हागाह’. त्याचा अर्थ पुटपुटणे, गुणगुणणे असाही होतो. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात शिकारीवर बसलेला सिंह गुरगुरतो तेव्हाही हेच क्रियापद येते, आणि ३८ व्या अध्यायात पारव्याच्या घुमण्यालाही तेच. मोशेनंतर नेता झालेल्या यहोशवाला तर आज्ञाच आहे की नियमशास्त्राचा ग्रंथ तुझ्या मुखातून जाऊ नये. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात रथात बसलेला इथिओपियाचा अधिकारी यशया वाचत असल्याचे सुवार्तिक फिलिप्पाला ऐकू येते. तो मनातल्या मनात वाचत असता तर फिलिप्प रथाशेजारून तसाच पुढे गेला असता. आणि मूल व्हावे म्हणून प्रार्थना करणारी हन्ना! तिचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता, एवढ्यावरून एली याजकाला ती मद्य प्यायलेली वाटली. एलीविषयी मला बरेच बोलायचे होते, पण हातात चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे, असे दिसते. नाही, सात.

तर विषयाकडे. बाराव्या शतकात गुइगो नावाच्या, एकांत व मौन पाळणाऱ्या कार्थुसियन संघातील एका मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशी चार पायऱ्यांची शिडी मांडली. वाचनाने घास तोंडात येतो, मननाने तो चावला जातो, प्रार्थनेने चव लागते आणि ध्यान म्हणजे ती गोडीच, असे तो लिहितो. माझा तक्ता घास मोजत होता. लेवीयाच्या ११ व्या अध्यायात दुभंगलेल्या खुरांची आणि रवंथ करणारी जनावरे शुद्ध ठरली आहेत, एवढे नुसते लक्षात आणून देतो.

स्कॉटलंडमधील रॉबर्ट मरे मॅकचेन या तरुण पाळकाने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी जी वार्षिक योजना आखली, तीत जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. तो पुढच्याच वर्षी २९ व्या वर्षी वारला. योजना अजून वापरात आहे. मात्र योजनेसोबत त्याने तिचे धोकेही लिहून ठेवले होते, ते फारसे कोणी वाचत नाही: वाचन निव्वळ उपचार होईल, वाचणाऱ्याला आपल्या धार्मिकतेचा गर्व चढेल, वाचण्यात निष्काळजीपणा येईल आणि काहींना हे जू पेलणार नाही.

म्हणून घाईघाईने एवढेच सांगतो. चुकलेल्या दिवसांची थकबाकी फेडत बसू नका. आजचा भाग आज वाचा. तीन अध्यायांपैकी एक तरी पुटपुटत वाचा आणि जेथे जीभ अडखळेल तेथे थांबा. प्रार्थना त्याच वचनाच्या शब्दांत सुरू करा, मग ते वचन तक्रारीचे का असेना. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. ११९ व्या स्तोत्राची १७६ वचने एका बैठकीत संपवल्याबद्दल कोणी बक्षीस देत नाही.

दोन मिनिटे उरली आहेत. पहिला इतिहास, अध्याय चौथा काढा. थेट नवव्या वचनावर उडी मारू नका. पहिल्यापासून, सगळ्यांनी, मोठ्याने. नावांचे उच्चार चुकले तरी चालतील.